नाचाच्या रांगेतून वगळलेली मुले

दिवाळीची सुटी संपून शाळा पुन्हा सुरू झाल्या की आमच्या दवाखान्यात एका विशिष्ट दाखल्याची मागणी सुरू होते. स्नेहसंमेलनाच्या तालमी लागलेल्या असतात. पालक मुलाला घेऊन येतात आणि वर्गशिक्षकांचा निरोप सांगतात, ‘डॉक्टरांकडून लिहून आणा.’ काय लिहून आणायचे? तर या विद्यार्थ्याला नाचात भाग घेणे झेपणार नाही, सबब त्यास सूट मिळावी. मुलाच्या पायात कॅलिपर असतो, कानात यंत्र असते किंवा मागे कधीतरी फिट आलेली असते. मूल आईच्या पदराआडून टकामका पाहत असते. त्याला सूट नको आहे हे ओळखायला वैद्यकीय पदवी लागत नाही.

हा दाखला मी देत नाही. त्याऐवजी शाळेसाठी तीन-चार ओळींची चिठ्ठी देतो. मुलाला काय करता येईल, कशाची काळजी घ्यायची, आणि काही त्रास झाला तर प्रथम काय करायचे, एवढेच त्यात असते. खाली दवाखान्याचा फोन नंबर. बहुतेक शिक्षकांना खरे तर एवढेच हवे असते. साठ मुलांचा वर्ग, बसवायला तीन आठवडे, आणि ‘काही झाले तर जबाबदारी कोणाची’ ही धास्ती. ती धास्ती खोटी नाही. पण माहिती मिळाली की ती पुष्कळ कमी होते, असा माझा अनुभव आहे. म्हणून आजचा लेख पालकांइतकाच शिक्षक बंधू-भगिनींसाठी आहे.

आधी कायद्याचे थोडक्यात. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि त्यात ते एकवीस झाले. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, स्नायूंचा ऱ्हास, सिकल सेल, थॅलेसेमिया, वाचा व भाषेचे अपंगत्व हे सर्व आता त्यात येते. या कायद्याच्या सोळाव्या कलमानुसार सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेने अशा मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आहे, आणि खेळ व मनोरंजनाची संधीही इतरांच्या बरोबरीने द्यायची आहे. एकोणतिसाव्या कलमात तर कला विषयांचे अभ्यासक्रमच या मुलांना भाग घेता येईल असे बदलण्याचा उल्लेख आहे. तेव्हा नाचात घेणे ही शाळेची मेहेरबानी नव्हे. २०११ च्या जनगणनेत आपल्या राज्यात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली होती. प्रत्येक गावात, प्रत्येक शाळेत अशी मुले असणारच.

आता मुद्द्याकडे येऊ. नाच बसवताना पहिला प्रश्न बहुधा ‘याला हे जमेल का?’ असा विचारला जातो. त्याचे उत्तर पुष्कळदा ‘नाही’ येते आणि विषय तिथेच मिटतो. ‘याला जमावे म्हणून नाचात काय बदलावे लागेल?’ असे विचारले, तर उत्तर शोधता येते. एका मुलाचे उदाहरण सांगतो. त्याच्या दोन्ही पायांचे स्नायू जन्मापासून ताठ, म्हणजे सेरेब्रल पाल्सी. बुद्धीने चलाख, गणितात पहिल्या पाचांत. दरवर्षी डिसेंबरमध्ये, नेमके गॅदरिंगच्या आठवड्यात, त्याच्या पोटात दुखायचे. लघवी, रक्त, सोनोग्राफी, सर्व तपासण्या व्यवस्थित. घरातल्या कुणालाच महिना आणि पोटदुखी यांचा मेळ घालावा असे वाटले नव्हते. चौथ्या वर्षी त्याच्या शाळेत एक नव्या बाई आल्या. त्यांनी कोळीनृत्य घेतले आणि पहिले कडवे सगळ्याच मुलांनी होडीत बसून, वल्ही मारत करायचे असे ठरवले. पुठ्ठ्याची होडी, त्यात बारा मुले, नाळेवर हा. दुसऱ्या कडव्याला बाकीची उठून नाचली आणि हा होडीतून जाळे फेकत राहिला. बघणाऱ्याला त्यात काही वेगळे केले आहे असे वाटलेच नाही. त्या वर्षी पोटदुखीची तक्रार घेऊन कुणी आले नाही.

येथे ध्यानात घ्यायची गोष्ट अशी की बाईंनी त्या एकट्यासाठी निराळी ‘स्टेप’ काढली नाही, पहिले कडवेच सर्वांसाठी बदलले. एकाला कोपऱ्यात खुर्चीवर बसवून झेंडा हलवायला लावणे याला मी सहभाग म्हणत नाही. चपलांवर लक्ष ठेवणे, पडदा ओढणे, पाण्याचे पेले भरणे ही कामे जरूर द्यावीत, पण मग ती आळीपाळीने वर्गातल्या प्रत्येकाच्या वाट्याला यावीत.

सेरेब्रल पाल्सीबद्दल आणखी थोडे. यात मेंदूच्या स्नायू चालवणाऱ्या भागाला जन्मापूर्वी, जन्मताना किंवा जन्मानंतर लवकरच इजा झालेली असते. बोलणे अडखळते किंवा तोंडातून लाळ येते म्हणून मुलाला समजत नाही असे धरून चालू नये. घाई, उत्तेजना आणि दचकणे यांनी ताठरपणा वाढतो. तालमीत उत्तम करणारे मूल ऐन रंगमंचावर आखडते ते याच कारणाने. म्हणून गाण्याची लय थोडी संथ ठेवावी, सुरुवातीला फटाका किंवा कर्णा वाजवू नये, आणि मुलाला पडदा उघडण्यापूर्वीच जागेवर नेऊन बसवावे. तालीम सलग तासभर घेण्यापेक्षा दहा-पंधरा मिनिटे घेऊन विसावा द्यावा. घुंगरू पायाऐवजी मनगटाला बांधले तरी ते वाजतातच. कॅलिपर किंवा कृत्रिम पाय वापरणाऱ्या मुलांची कातडी तालमीनंतर घरी रोज पाहावी. लाल झालेली जागा अर्ध्या तासात पूर्ववत झाली नाही तर तेथे दाब पडतो आहे. कॅलिपर दुरुस्त करून घ्यावा, तोवर नाच बसून करावा. (कॅलिपर दिसला की लोक आजही ‘पोलिओ’ म्हणतात. आपल्या देशात नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आढळला. शाळेत आज दिसणारे कॅलिपर बहुतेक इतर आजारांमुळे असतात.)

ऐकू न येणाऱ्या मुलांना नाच-गाण्याच्या वर्गातून सर्वांत आधी बाहेर काढले जाते. ज्याला गाणे ऐकूच येत नाही तो नाचणार कसा, हा तर्क वरवर बिनतोड वाटतो. पण पूर्ण बहिरेपण असणारी मुले थोडी. पुष्कळांना काही ना काही ऐकू येते, विशेषतः ढोल, डफ अशा वाद्यांचा खालचा नाद. शिवाय नाद कातडीला आणि हाडांनाही कळतो. स्कॉटलंडची तालवादक एव्हलिन ग्लेनी हिचा जन्म १९६५ चा. वयाच्या आठव्या वर्षी तिची श्रवणशक्ती जाऊ लागली आणि बाराव्या वर्षापर्यंत जवळजवळ संपली. तिच्या शिक्षकांनी तिला वर्गाच्या भिंतीला हात टेकून उभे केले आणि आपल्याकडच्या नगाऱ्यासारखे टिंपनी नावाचे वाद्य वाजवले. कोणता सूर शरीरात कोठे जाणवतो ते ती ओळखू लागली. खालचे सूर पायांत, वरचे चेहरा, मान आणि छातीकडे. पुढे ती जगभर कार्यक्रम करू लागली, आणि नाद पायांना नीट कळावा म्हणून ती अनवाणी वाजवते.

आपल्याकडे अशा मुलांसाठी लेझीमसारखा दुसरा प्रकार नाही, असे माझे ठाम मत आहे. लेझीमचा प्रत्येक ठेका डोळ्यांना दिसतो. शेजारच्याचा हात वर गेला, कंबर वाकली, पाऊल पुढे आले की कळते. आठवीतल्या एका मुलीला मी लेझीममध्ये पाहिले आहे. तालमीत आधी तिला शेवटच्या रांगेत ठेवले होते आणि ती सारखी अर्धा ठेका मागे पडत होती. तिला दुसऱ्या रांगेत मधोमध घेतले आणि हलगीवाल्याला समोर, तिला त्याचे हात दिसतील असे उभे केले. चार दिवसांत ठेका जमला. पहिल्या रांगेत घेऊ नये, कारण तेथे पुढे पाहून करायला कोणी नसते. फळ्यांचा रंगमंच असेल तर ढोल फळ्यांवरच ठेवावा, म्हणजे अनवाणी पायांना ठेका कळतो. शिक्षकांनी सूचना देताना तोंड मुलाकडे ठेवावे, आणि कडवे बदलताना हाताने ठरलेली खूण करावी. पाठमोरे होऊन ओरडण्याचा काहीही उपयोग नाही.

श्रवणयंत्राची काळजी मात्र घ्यावी लागते. घामाने ते बिघडते. तालमीनंतर कोरड्या फडक्याने पुसून, बॅटरी काढून, ओलावा शोषणाऱ्या पुड्यांच्या डबीत ठेवावे. रंगभूषा करताना पावडर व केसांचा फवारा यंत्रात जाऊ देऊ नये. ते काम यंत्र काढून आधी उरकावे. कॉक्लिअर इम्प्लांट झालेल्या मुलाच्या डोक्यावर बाहेरचा भाग लोहचुंबकाने चिकटलेला असतो. घट्ट फेट्याखाली तो सरकतो आणि मुलाला ऐन गाण्यात ऐकू येईनासे होते. फेटा सैल बांधावा किंवा टोपी द्यावी. या मुलांना सुरांपेक्षा ताल ओळखणे सोपे जाते, तेव्हा त्यांच्या हाती टाळ, खंजिरी, ढोलकी द्यायला हरकत नाही. आणि डीजेच्या भिंतीजवळ कोणत्याच मुलाला उभे करू नका. शंभर डेसिबल आवाजात पंधरा मिनिटांहून अधिक राहणे चांगल्या कानांनाही घातक आहे.

न दिसणाऱ्या मुलांचे याच्या उलट होते. त्यांना गाण्यात हटकून घेतात, इतके की गळा नसलेल्यालाही पेटीपुढे बसवतात. या समजुतीला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. कुरुंदवाडचे विष्णू दिगंबर पलुस्कर यांच्या डोळ्यांना लहानपणी दत्तजयंतीच्या वेळी फटाक्याने इजा झाली आणि ते मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकू लागले. १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. पण प्रत्येक अंध मूल पलुस्कर होत नाही, आणि त्याने व्हावेच असेही नाही. एखाद्याला नाटकात राजा व्हायचे असेल, एखाद्याला नाचायचे असेल. नाच शिकवताना ‘असे कर’ म्हणून चालत नाही. ‘उजवा हात खांद्याच्या उंचीला, तळवा वर’ असे शब्दांत सांगावे, आणि मुलाला विचारूनच त्याचा हात धरून दाखवावे. रंगमंचावर जाजमाखाली जाड सुतळी चिकटवली की मधली रेघ आणि पुढचा काठ पायाला कळतो. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मूल रंगमंचावर मोकळे फिरले पाहिजे आणि त्यानंतर कोणीही टेबल-खुर्ची हलवता कामा नये. अंधुक दिसणाऱ्या मुलांना डोळ्यांवर येणाऱ्या दिव्यांचा त्रास होतो, तेवढा एक दिवा वळवावा.

तोतरे बोलणारी मुले गाताना किंवा सर्वांबरोबर एका सुरात बोलताना सहसा अडखळत नाहीत. म्हणून समूहगीत, पोवाडा, भारुडातले कोरसचे बोल त्यांना आवर्जून द्यावेत. नाटकात एकट्याचे वाक्यही द्यावे, मुलाची तयारी असेल तर. अडले की पुढचा शब्द आपण सुचवू नये, आणि ‘हळू बोल, घाबरू नकोस’ हेही म्हणू नये. थांबावे. प्रेक्षकांना दोन सेकंद थांबायला काही पैसे पडत नाहीत.

मतिमंदत्व असलेल्या मुलांना नाच शिकवताना पूर्ण गाण्याचा आग्रह धरू नये. जे पालुपद पुन्हा पुन्हा येते, त्याचीच एक हालचाल पक्की करून घ्यावी आणि शेजारी रोजचा मित्र उभा करावा. स्वमग्न मुलांना आवाज, झगमगाट, टोचणारा जरीचा पोशाख यांचा खरोखरीच त्रास होतो, ती हट्ट करत नसतात. पोशाख आठवडाभर आधी घरी घालून पाहावा, आतून सुती बंडी द्यावी. कार्यक्रमाचा क्रम चित्रे काढून दाखवावा. आपला नाच झाला की त्या मुलाला घरी जाऊ द्यावे. चार तास गर्दीत बसण्याची सक्ती नको.

डाऊन सिंड्रोमच्या मुलांना संगीताची आवड बहुधा चांगली असते आणि ती नाचात रमतात. येथे मात्र डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा. त्यांच्यापैकी जवळजवळ निम्म्यांना जन्मतः हृदयाचा काही दोष असतो. काहींच्या मानेचे पहिले दोन मणके सैल असतात. म्हणून कोलांटउडी, डोक्यावर उभे राहणे, मनोऱ्यात वर चढणे किंवा खाली खांदा देणे तपासणीशिवाय करवू नये. मान दुखणे, मान वाकडी धरणे, चालण्यात नव्याने फरक पडणे, हातातून वस्तू सुटणे, कपड्यात नव्याने लघवी होणे यांपैकी काहीही दिसले तर तालीम थांबवून लगेच दाखवावे.

खरी वैद्यकीय बंधने अशी थोडी आहेत आणि ती पाळलीच पाहिजेत. हृदयविकाराचे मूल धापा टाकत असेल, ओठ निळे पडत असतील, तर दमणारा नाच नको. ड्यूशेन नावाच्या स्नायूंच्या आजारात उड्या व पुन्हा पुन्हा उठबस टाळावी. सिकल सेलच्या मुलांना थंडी, तहान आणि अतिश्रम बाधतात. डिसेंबरच्या रात्री त्यांना पातळ पोशाखात ताटकळत ठेवू नये. या मुलांना अभिनय, वाद्य, निवेदन असे पुष्कळ काही करता येते.

फिट येणाऱ्या मुलांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण गैरसमज येथे सर्वाधिक आहेत. नाचल्याने फिट येते असे नाही. फिट येते ती बहुधा गोळी चुकल्याने आणि झोप न झाल्याने, आणि गॅदरिंगच्या दिवसांत या दोन्ही गोष्टी हटकून घडतात. तालमीमुळे रात्रीची गोळी राहते, कार्यक्रम बारापर्यंत लांबतो. म्हणून या मुलांचे नाच सुरुवातीला घ्यावेत आणि गोळी आईने डब्यासोबत आणावी. लखलखणाऱ्या दिव्यांनी फिट येणारे रुग्ण शंभरात सुमारे तीनच असतात. तरीही सेकंदाला तीन ते तीस वेळा उघडझाप करणारे दिवे शाळेच्या कार्यक्रमात लावूच नयेत. त्यांनी कोणत्याही नाचाची शोभा वाढलेली मी पाहिलेली नाही. ज्यांना असा त्रास आहे त्यांनी दिवे लागताच एका डोळ्यावर तळहात घट्ट धरावा. नुसते डोळे मिटून भागत नाही.

फिट आलीच तर मुलाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली घडी केलेले कापड ठेवावे, आजूबाजूच्या टणक वस्तू हलवाव्यात, घड्याळ पाहावे. चप्पल, कांदा हुंगवू नये. तोंडात चमचा किंवा बोट घालू नये, पाणी पाजू नये, हातपाय दाबून धरू नयेत. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते. पाच मिनिटांपुढे गेली, लागोपाठ दुसरी आली किंवा पहिल्यांदाच आली असेल तर १०८ ला फोन करून रुग्णालयात न्यावे. आणि पडदा पाडावा. मोबाईलवर चित्रण करणाऱ्यांना बाहेर काढावे.

आता दोन गोष्टी ज्या औषधाच्या पुस्तकात नाहीत. आपल्या शाळेच्या नाटुकल्यांत अजूनही बोबडा नोकर आणि लंगडा भिकारी हशा पिकवण्यासाठी येतात. ज्या वर्गात खरोखर बोबडे बोलणारे मूल बसलेले आहे, त्या वर्गाने हे नाटक करावे का, याचा विचार व्हावा. दुसरी गोष्ट, कणवेची. शेवटी एकच ‘विशेष’ नाच ठेवायचा, निवेदिकेने गहिवरून बोलायचे, प्रमुख पाहुण्यांनी उठून पाचशे एक रुपये द्यायचे. मुलाला आपण नाचलो म्हणून टाळ्या मिळाल्या की आपल्या पायामुळे, हे त्याला चांगले कळते. सुधा चंद्रन यांचे नाव या प्रसंगी हमखास घेतले जाते. १९८१ च्या बस अपघातानंतर त्यांचा पाय कापावा लागला. जयपूर फूट लावून त्या पुन्हा भरतनाट्यम नाचल्या आणि १९८६ साली ‘नाचे मयूरी’ हा हिंदी चित्रपट आला. त्यांचे कर्तृत्व मोठेच आहे. पण ते सहावीतल्या मुलीला ‘बघ, तिने केले, मग तुला का नाही?’ असे ऐकवण्यासाठी वापरू नये. बाकीच्या वर्गाला आपण लता मंगेशकर होण्याची अट घालत नाही.

राहता राहिली जागेची अडचण. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचे प्रमाण एकास बारा लागते. म्हणजे तीन फूट उंच रंगमंचाला छत्तीस फूट लांब उतार. एवढी जागा आपल्या शाळांत नसते, आणि मग दोन दणकट मुले खुर्ची उचलून वर नेतात. हे टाळावे. खुर्ची निसटते, आणि मुलाला आपण सामानासारखे उचललो गेलो असे वाटते. यावर सोपा उपाय म्हणजे ज्या नाचात चाकाची खुर्ची आहे, तो नाच सगळ्यांनीच रंगमंचासमोरच्या मोकळ्या जागेत करावा. पाहुण्यांच्या खुर्च्या दहा फूट मागे घेतल्या की झाले. नाचताना खुर्चीला ब्रेक कधी लावायचा, कधी काढायचा हे तालमीतच ठरवावे, आणि ढकलणारा मित्र एकच ठेवावा.

अशा मुलांच्या पालकांना एक विचारा. आपले मूल गॅदरिंगच्या दिवशी पाणी पिते का? शाळेच्या संडासाला दोन पायऱ्या असतात, दार अरुंद असते, म्हणून कित्येक मुले सकाळपासून घोटभरही पाणी घेत नाहीत. मग डोके दुखते, पायात गोळे येतात, लघवीला जंतुसंसर्ग होतो, आणि खापर नाचावर फुटते. त्या दिवसापुरती एका खोलीत पडदा लावून खुर्चीवजा कमोडची सोय करावी आणि मदतीला मुलाच्या ओळखीचे माणूस ठेवावे. तालमी सुरू होण्यापूर्वी मुलाला एकदा आपल्या डॉक्टरांकडे नेऊन चिठ्ठी घ्या. जिल्हा रुग्णालयातही बालकांची मोफत तपासणी होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते तेव्हा मुलाला घरी ठेवू नका. चिठ्ठीची एक प्रत वर्गशिक्षकांकडे आणि एक नाच बसवणाऱ्यांकडे द्यावी, कारण पुष्कळ ठिकाणी ही दोन माणसे वेगळी असतात.